द्वितीया, तृतीया, चतुर्थी : हरिहरेश्वरच्या टोकावर तीन दिवस

हरिहरेश्वरला जायचा दिवस रविवार पाहून ठरवू नये, तिथी पाहून ठरवावा. डोंगराची प्रदक्षिणा ज्या कातळावरून जाते, तो कातळ दिवसातून दोनदा समुद्राच्या ताब्यात असतो. वेळ चुकली तर दोनच गोष्टी होतात. एकतर पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून पाणी बघायचं आणि परतायचं, नाहीतर उतरायला नको तेव्हा उतरायचं. दुसरी चूक इथे काहींच्या जिवावर बेतली आहे.

कोकणात भरतीचा एक तोंडी हिशेब चालतो : तिथीची पाऊणपट. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. तृतीयेला तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती, तर सुमारे सहा तास आधी, सकाळी आठला ओहोटीचा तळ. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक पाहावंच. पण तिथे एक मेख आहे. बहुतेक जण मुंबईचं कोष्टक पाहतात आणि आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. हरिहरेश्वरचं पाणी मुंबईच्या थोडं आधी फिरतं. मुंबईच्या वेळेवर विसंबलेला माणूस ‘अजून ओहोटीच आहे’ म्हणत खडकावर बसलेला असतो, तेव्हा पाणी परतीला लागलेलं असतं.

ओहोटीची वेळ सोयीची एवढ्यावरही भागत नाही, पाणी किती खाली जातं तेही पाहावं लागतं. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराला, म्हणजे ऐकायला छान. पण तेव्हा भांगाचं पाणी असतं. ते धड चढत नाही, धड उतरत नाही आणि कातळाचा खालचा अर्धा भाग बुडालेलाच राहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप खाली जातं, मात्र ओहोटीचा तळ अंधारात किंवा झुंजूमुंजू असताना येतो. उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी असतो. हे सगळं जुळवलं की तृतीया हाती लागते. उधाण सरलेलं नाही, ओहोटी सकाळी आठला, उन्हं अजून कोवळी. म्हणून हा दौरा द्वितीयेला सुरू होतो. मोसम कार्तिक ते माघ. पावसाळ्यात खालची वाट पूर्ण वर्ज्य.

दिवस पहिला : द्वितीया

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, तिथून म्हसळा आणि पुढे हरिहरेश्वर. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनीही माणगावलाच उतरावं, तिथून साठ-पासष्ट किलोमीटर रस्ता उरतो. म्हसळ्यानंतर रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे, नकाशावरच्या अंतरात अर्धा तास वाढवूनच धरावा. पुण्याहून पहाटे सहाला निघालं तर दुपारी साडेबारापर्यंत आरामात पोचता येतं आणि तेच हवं आहे, कारण आज भरती दीडच्या सुमारास आहे.

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव हा इथला दर्शनाचा क्रम. हे पेशव्यांचं कुलदैवत, श्रीवर्धन हे त्यांचं मूळ गाव इथून जवळच आहे. गावाभोवती चार टेकड्या : हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री. यातली हरिहरेश्वराची टेकडी थेट समुद्रात घुसली आहे, तेच आपलं भूशिर. देवळाच्या मागून पायऱ्या चढत जातात. आज फक्त वरपर्यंत जायचं, खाली उतरायचं नाही.

वर पोचल्यावर निदान पंधरा-वीस मिनिटं एका जागी बसून लाटा पाहाव्यात. पहिल्या दोन-चार मिनिटांत समुद्र शांत वाटतो, कारण लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत. बऱ्याच लहान लाटा येऊन जातात आणि मग तीन-चार मोठ्या एकापाठोपाठ एक येतात. खाली जाऊन ज्यांना लाटेने ओढलं, त्यांनी बहुधा मधली शांतता पाहून पाऊल टाकलेलं असतं. मोठ्या लाटेचा फेस कड्यावर कुठपर्यंत चढतो, ती रेघ वरूनच डोळ्यांत भरून घ्यावी. खडकाचा रंगही तीच रेघ सांगतो : वर करडा-तपकिरी कोरडा कातळ, खाली काळाकुट्ट ओला पट्टा.

आता लाटांची दिशा पाहावी. दूरवर त्या जवळजवळ सरळ रांगेत येतात. टोकाजवळ पाणी आधी उथळ होतं, तिथला लाटेचा भाग तळाला घासून मंदावतो, बाजूचा भाग खोल पाण्यातून पुढे धावत राहतो. त्यामुळे अख्खी लाट टोकाभोवती वाकते. परिणाम असा की लाटेची ताकद तिन्ही बाजूंनी भूशिरावर एकवटते आणि दोन्ही अंगांच्या पुळणींवर ती पसरून विरळ होते. टोकाला उघडा खडक आणि बगलेत रेती असं का, याचं उत्तर इथे पाच मिनिटांत डोळ्यांसमोर मांडलेलं दिसतं. भूगोलाच्या तासाला फळ्यावर काढलेली आकृती इथे जिवंत हलते आहे, आणि ती पाहायला भरतीची दुपार सगळ्यात चांगली.

कड्याच्या कडेला जाऊन खाली वाकून पाहू नये. वरचा थर झिजून सुटा झालेला आहे, सुक्या गवताखाली बारीक खडी आहे आणि ती गोट्यांसारखी पायाखालून सरकते. कडेपासून दोन माणसांच्या लांबीएवढं अंतर ठेवून बसलं तरी सगळं दिसतं.

संध्याकाळी सूर्यास्त वरूनच पाहावा आणि उजेड असेतो उतरावं. आजची संध्याकाळची ओहोटी अंधार पडल्यावरची आहे, तिचा मोह नको.

दिवस दुसरा : तृतीया

सकाळी सातला, नीट उजाडल्याबरोबर, खाली उतरायला सुरुवात करायची. तळ आठच्या सुमारास, म्हणजे जाताना पाणी अजून उतरत असतं. हा नियम पक्का धरावा : उतरत्या पाण्यात शिरायचं आणि पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात कातळ सोडायचा. पूर्ण फेरीला थांबत-पाहत दीड तास लागतो. न थांबता चाललं तर पाऊण तास पुरतो, पण मग इथे येण्यात अर्थ काय!

पाणी फिरल्यावर ते एकसारख्या वेगाने चढत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. भरती-ओहोटीत तीन मीटरचा फरक धरला तर पहिल्या तासात पाणी पंचवीसच सेंटिमीटर वाढतं. माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात तेच पाणी पाऊण मीटर चढतं आणि वर लाटेची उंची वेगळी. अडकणारे लोक याच तासात अडकतात.

पायात बंद, रबरी तळाचे, खाचा असलेले बूट. चपला आणि गुळगुळीत तळाच्या सँडल नकोत. काहीजण श्रद्धेने अनवाणी जातात. त्यांनी कालवांच्या, म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या पट्ट्यात पाऊल टाकू नये, कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. माणशी एक लिटर पाणी, टोपी, हात मोकळे राहतील अशी पाठपिशवी, फोन पाणी न शिरणाऱ्या पाकिटात. लहान मुलांचा हात शेवटपर्यंत सोडायचा नाही. गुडघेदुखी असलेल्यांनी वरचं दृश्य पाहून परतावं, कारण उताराच्या पायऱ्या उभ्या आणि कमीजास्त उंचीच्या आहेत आणि खाली पोचल्यावर सगळी चाल ओबडधोबड खडकावरून आहे.

पायऱ्या दोन उभ्या कातळभिंतींमधल्या अरुंद घळीतून उतरतात. वाऱ्याचा झोत इथे अंगावर येतो आणि समोर उभ्या फटीतून समुद्र दिसतो. अशा घळी खडकातल्या उभ्या सांध्यांच्या जागी तयार होतात. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला तडे जातात, त्यातला कमजोर तडा पाणी रुंदावत नेतं. भिंतीला हात लावून पाहावा : हा दख्खनच्या पठाराचाच बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

घळीच्या तोंडाशी थांबून पुन्हा दहा मिनिटं लाटा पाहायच्या. काल वरून लक्षात ठेवलेली फेसाची रेघ इथे ताडून पाहायची. वाटेचा कातळ सलग दहा मिनिटं कोरडा राहिला तरच पुढे जायचं. एखादी जरी लाट वाटेवरून वाहून गेली, तर फेरी रद्द. पंचांग काहीही म्हणो. लांब समुद्रातल्या वादळाच्या लाटा निरभ्र दिवशीही येतात, आणि त्यांची आगाऊ सूचना हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र देत असतं. आदल्या रात्री ती पाहून ठेवावी.

डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायचं. पायाखाली जो सपाट, समुद्राकडे किंचित कललेला कातळ आहे, त्याला पुस्तकी भाषेत तरंगघर्षित चबुतरा म्हणतात. कड्याच्या पायथ्याशी लाट सतत आपटते, तिथे आडवी खोबण पडते, खोबण खोल झाली की वरचा भाग आधाराविना कोसळतो, पडलेले धोंडे लाटा फोडून नेतात आणि कडा एक पाऊल मागे सरकतो. मागे उरतो तो हा चबुतरा. म्हणजे आपण जिथून चालतो, तिथे कधीकाळी डोंगर उभा होता. पायथ्याची खोबण वाटेत अनेक ठिकाणी दिसते. तिच्या छताखाली सावली असते म्हणून लोक बसतात. बसू नये. पुढचा तुकडा तिथूनच पडणार आहे.

या सगळ्या भूशिरावरची सगळ्यात देखणी गोष्ट म्हणजे कड्याच्या अंगावरची जाळी. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे, कुठे बोटाएवढे, कुठे मूठ मावेल एवढे, आणि मधल्या भिंती पातळ, धारदार. पाहणाऱ्याला वाटतं की लाटांनी कोरलं असेल. लाटांनी नाही, मिठाने. लाटेचे तुषार खडकावर उडतात, खडकाच्या बारीक छिद्रांत खारं पाणी मुरतं, ऊन लागलं की पाणी उडून जातं आणि मिठाचे स्फटिक छिद्रात वाढतात. वाढणारा स्फटिक कण ढकलतो, कण सुटतो, वारा तो घेऊन जातो. एकदा खळगा पडला की आत सावली आणि ओल टिकते, मीठ तिथेच जास्त साठतं आणि खळगा आणखी खोल होतो. मधल्या भिंती लवकर वाळतात, म्हणून टिकतात. म्हणूनच ही जाळी नेहमी लाटेच्या माऱ्याच्या थोडी वर, तुषारांच्या टप्प्यात असते. जिथे लाट थेट आपटते तिथे खडक घासून गुळगुळीत झालेला असतो. पावसाळा इथे फोडायचं काम करतो, धोंडे हलवतो. कोरीवकाम मात्र हिवाळ्या-उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांचं. या भिंतींवर पाय देऊन चढू नये, नखाएवढी पातळ कड वजनाने तुटते आणि तुटलेली परत जुळत नाही.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक अडचण आहे. सकाळी पश्चिमेची बाजू सावलीत असते, जाळी सपाट दिसते. तिरप्या उन्हात तिची खोली उठून दिसते आणि तसं ऊन संध्याकाळीच मिळतं. त्यासाठी वेगळी तिथी घ्यावी लागते : चतुर्दशी. भरती साडेदहाला, तळ पावणेपाचच्या आसपास. साडेतीनला उतरायचं आणि सव्वापाचला, सूर्य वर असतानाच, बाहेर पडायचं. सूर्यास्त खालून पाहण्याचा हट्ट धरला तर परतीची वाट काळोखात आणि चढत्या पाण्यात सापडते.

पुढे चबुतऱ्यात रांजणखळगे लागतात. खड्ड्यात अडकलेले गोटे लाटेच्या भोवऱ्याने गरगर फिरतात आणि कातळ आतून घासत जातात. काही खळग्यांच्या तळाशी ते घासून गोल झालेले गोटे अजून दिसतात. ते उचलून नेऊ नयेत, ती त्या खळग्याची हत्यारं आहेत. खळगे पाण्याने भरलेले असताना खोली कळत नाही, घोटाभर वाटलेलं कंबरभर निघतं. वाटेत गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ, सूर्यतीर्थ अशी नावं असलेल्या जागा आहेत.

चबुतऱ्यावरची वस्ती पाण्याच्या पातळीप्रमाणे पट्ट्यापट्ट्यांनी लागते, आणि हे पट्टे वाचता आले तर घड्याळाची गरज कमी पडते. सगळ्यात वर, जवळजवळ कोरड्या खडकावर, वाटाण्यापेक्षा लहान गोगलगायी फटींत गर्दी करून चिकटलेल्या. त्यांच्याखाली बार्नेकल (खडकाला घट्ट चिकटलेले बारीक कवचधारी जीव) आणि कालवांचा खरखरीत पांढुरका पट्टा. त्याखाली हिरवं शेवाळ, मग तपकिरी समुद्रवनस्पती आणि डबक्यांत समुद्रफुलं (दिसायला फूल, पण असतो प्राणी), खेकडे, इवले मासे. समुद्रफूल बोटाने डिवचलं की मिटतं. ते उघडायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ उपाशी राहतं, म्हणून नुसतं पाहावं. आपण हिरव्या शेवाळाच्या पट्ट्यात उभे असू तर पाणी फिरल्यावर ते लवकरच इथे येणार, हे पक्कं.

घसरून पडणं इथे हिरव्या शेवाळावर कमी होतं, कारण ते दिसतं आणि माणूस जपतो. खरा दगा काळ्या पातळ थराचा. तो कोरडा असताना साध्या खडकासारखा दिसतो आणि तुषार उडाले की साबणासारखा बुळबुळीत होतो. नियम सोपा आहे : करड्या, खरखरीत कातळावर पाय, काळ्या चकचकीत कातळावर नाही. लांब उडी मारायची नाही. दोन खडकांमधली फट पावलाने ओलांडता येत नसेल तर वळसा घालायचा. समुद्राकडे पाठ करून फोटोला उभं राहायचं नाही. कालवांनी कापलंच तर जखम लगेच पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवावी, आत कवचाचा कण राहिला तर ती चिघळते.

टोक वळून पुळण दिसली की अवघड भाग संपला. साडेआठ-पावणेनऊपर्यंत कातळ सोडलेला असावा.

आता या दौऱ्यातला सगळ्यात मोलाचा तास. दुपारी दोनला पुन्हा वरच्या पायऱ्या चढून जायचं. सकाळी जिथे पाय रोवून उभे होतो, वाकून समुद्रफुलं पाहिली, पाण्याची बाटली टेकवली, त्या सगळ्या जागा शोधायच्या. एकही सापडत नाही. खोबण पाण्याखाली, चबुतरा पाण्याखाली, आणि घळीच्या तोंडाशी लाट फुटून वर उडते आहे. गावातल्या खानावळीत ‘ओहोटीलाच जा हो’ असं जे पुन्हा पुन्हा सांगतात, त्याचा अर्थ शब्दांनी कळत नाही, तो इथे कळतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना हे आवर्जून दाखवावं.

उरलेली संध्याकाळ पुळणीवर काढावी. तिथल्या वाळूत मर्यादवेल पसरलेली दिसते, तिच्या पलीकडे सुरूची झाडं.

दिवस तिसरा : चतुर्थी

आज भूशिर समोरून पाहायचं, म्हणजे सावित्री नदीच्या पलीकडून. गावापासून चार-पाच किलोमीटरवर बागमांडला. तिथून वेसवीला गाड्या वाहून नेणारी तर (फेरीबोट) आहे, पंधरा मिनिटांत पलीकडे. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार लांब, ओला आणि तीव्र होतो. गाडीचा तळ घासण्याची शक्यता तेव्हाच असते. आज ओहोटी नऊच्या सुमारास, म्हणून अकरानंतरची फेरी घ्यावी.

तरीतून दिसते ती रुंद खाडी सावित्रीने एकटीने कोरलेली नाही. महाबळेश्वरला उगम पावलेल्या या नदीने दरी खणली, पण गेलं हिमयुग सरल्यावर समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त वर आली आणि दरीचं तोंड बुडालं. बुडालेल्या दरीत भरतीचं पाणी खूप आतपर्यंत जातं, म्हणूनच महाडसारखं आतलं गाव एकेकाळी बंदर होतं. दोन बुडालेल्या दऱ्यांमधला डोंगर पाण्याबाहेर राहतो, त्याचं होतं भूशिर. कोकणच्या किनाऱ्यावर खाडी, टोक, पुळण, पुन्हा खाडी अशी जी लय आहे, तिचं मूळ इथे आहे.

वेसवीहून बाणकोटचा किल्ला गाठावा. तो जांभ्याचा आहे. काल पाहिलेला काळा बेसाल्ट आणि हा लालसर, भोकाभोकांचा जांभा एका खाडीच्या दोन काठांवर शेजारी पाहायला मिळतात. जांभ्यातली भोकं मिठाची नाहीत. पावसाने खडकातले विरघळणारे घटक धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा दगड. १७५६ मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहाने बाणकोट इंग्रजांकडे आलं आणि त्यांनी किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया असं नाव दिलं. जागा का हवी होती हे तटावर उभं राहिलं की समजतं : खाडीचं तोंड पूर्ण नजरेत आणि समोर हरिहरेश्वरचं टोक.

तोंडाशी पाण्याखाली वाळूचा बांध आहे. लाटा किनाऱ्यापासून लांब, मधेच फुटताना दिसतात, तीच त्याची खूण. चढणारी भरती आणि उतरणारी नदी इथे एकमेकींना भिडतात, ओढ फसवी असते. दोन्ही काठांच्या पुळणींवर खाडीच्या तोंडाजवळ पोहायला उतरू नये, पाणी गुडघाभर दिसलं तरी.

पुढे वेळासची पुळण. इथे २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण होतं आहे. अंडी उबायला पन्नासएक दिवस लागतात. पिल्लं बाहेर पडतात ती साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये, त्यामुळे माघापूर्वी आलेल्यांना ती दिसणार नाहीत. कासवीण खडकाळ टोक टाळून अशा बगलेतल्या रेतीत येते, कारण तिला खणता येईल अशी, भरतीच्या वर कोरडी राहणारी वाळू हवी असते. भूशिराने लाटेचा जोर स्वतःवर घेतला म्हणून ती वाळू इथे टिकली आहे.

भरती आज तीनला. परतीची तर त्याच सुमारास घेतली तर धक्का भरलेला असतो आणि गाडी सपाट चढते. शेवटच्या फेरीची वेळ जातानाच विचारून ठेवावी. ती चुकली तर रस्त्याने खाडीला मोठा वळसा पडतो. खाडीच्या मध्यावर आल्यावर पश्चिमेकडे पाहावं. टोकाचा पायथा फेसाच्या पांढऱ्या रेघेने आखलेला दिसतो. काल सकाळची वाट त्या रेघेच्या खाली आहे.